डावं-उजवं दूध वेगळं ठेवा

प्रश्न : मी बोस्टनजवळ राहते, बाळ ५ महिन्यांचं आहे. स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी आईचं दूध देता येतं, असं कळलं. फ्रीजरमधलं चालेल का? आणि अर्जात वंश कशाला विचारतात?

उत्तर : फ्रीजरमधलं सहसा चालत नाही. दुधात स्तनाच्या नलिकांच्या अस्तरातून सुटलेल्या पेशी असतात आणि कर्करोग बहुधा याच अस्तरात सुरू होतो. सुई न टोचता त्या हाती लागतात, हे केवढं सोयीचं! मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेत कॅथलीन अर्कारो यांच्या प्रयोगशाळेने अशा पेशींच्या डीएनएवरच्या मिथाइल खुणा (जनुकं चालू-बंद ठेवायला मदत करणाऱ्या रासायनिक खुणा) तपासल्या आहेत. दूध गोठलं की पेशी फुटतात. म्हणून ताजंच, बर्फाच्या पिशव्यांसोबत, लगेच पाठवायचं. नेहमीची चूक म्हणजे दोन्ही बाजूंचं एकाच बाटलीत ओतणं. देणारीची बायोप्सी (तपासणीसाठी स्तनातला छोटा तुकडा काढणं) एका बाजूची झालेली असेल, तर दुसरी बाजू तुलनेला लागते. बाटलीवर बाजू, तारीख, वेळ लिहा. अर्थात आधी बाळाचं पोट.

वंशाचं म्हणाल, तर अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांत ‘ट्रिपल निगेटिव्ह’ कर्करोगाचं (संप्रेरकांवरची आणि एचईआर-२ प्रथिनावरची औषधं लागू न पडणारा स्तनाचा कर्करोग) प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आहे, स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यूही सुमारे ४० टक्के जास्त. नमुने मात्र सुखवस्तू गोऱ्या मातांचेच सहज जमतात. ताशी पगारावरच्या बाईला दूध काढायला ना सवड, ना जागा. तिथे नुसती जाहिरात लावून काय होणार? नमुना पाठवायचं खोकं घरी पोचवावं लागतं, परतीचं टपाल भरावं लागतं, ओळखीच्या स्तनपान-सल्लागारांकरवी विचारावं लागतं. तुम्ही वंशाचा रकाना जरूर भरा.

आणि हो, ही तपासणी निदानासाठी नसते. गाठ हाताला लागली, तर थेट डॉक्टरांकडे जा.