कमी खर्चात, घरच्या घरी त्वचा निरोगी आणि तरुण कशी ठेवता येईल?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे छत्री. खरंच सांगतेय! अकाली सुरकुत्या आणि डाग पडण्यामागे उन्हाचा वाटा फार मोठा असतो. त्यातले अतिनील किरण त्वचेला घट्ट ठेवणारं कोलॅजन मोडतात. म्हणून सकाळी १० ते दुपारी ४ बाहेर पडायचं असेल, तर छत्री, टोपी किंवा सुती ओढणी घ्याच.

आंघोळीचं पाणी कोमट ठेवा, कढत पाण्याने त्वचेतलं नैसर्गिक तेल निघून जातं. अंग टिपून जरा ओलसर असतानाच हातापायांना थोडं खोबरेल लावा, ओलावा टिकतो. थंडीत तर फारच फरक पडतो. चेहऱ्यावर मुरुमं येत असतील तर मात्र तिथे खोबरेल नको, रंध्रं बुजतात.

मसूर डाळीचं पीठ दुधात कालवून अधूनमधून लावायला हरकत नाही, पण वाळल्यावर खरवडू नका. आणि कृपा करून चेहऱ्यावर लिंबू चोळू नका. रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात, मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

सिगारेट ओढत असाल तर सोडा, तिनेही सुरकुत्या लवकर येतात. एखादा तीळ आकार किंवा रंग बदलत असेल, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.