मुलीला एनसीसीत घालावं का? आधी शाळेची परेड बघून या

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी आठवीत जातेय, स्वभावाने अबोल आहे, तर एनसीसीने तिच्यात नेतृत्व वगैरे येईल का आणि अभ्यासाचं काय होईल. मी बरीच वर्षं शाळेत एएनओ, म्हणजे एनसीसी सांभाळणारा शिक्षक होतो, प्रशिक्षण कामठीच्या अकादमीत झालेलं, म्हणून लिहितो.

अभ्यासाचं आधी उरकतो. ज्युनिअर विंग आठवी-नववीची. 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा नववीत होऊन जाते, दहावी मोकळी. मध्ये एक दहा दिवसांचा कॅम्प. त्यापायी कुणाचं वर्ष बुडालेलं मी पाहिलं नाही.

आता नेतृत्व. कवायतीने शिस्त लागते हे अर्धंच खरं. कवायत शिकवायला आलेले सैन्यातले हवालदार साहेब समोर असले की सगळेच ताठ, ते वळले की खांदे पडले. खरा फरक पडतो तो पोरांच्या हाती स्क्वाड, म्हणजे कवायतीची छोटी तुकडी दिल्यावर. अबोल मुलीला पुढे उभं करून 'तेज चल' म्हणायला सांगा, पहिल्यांदा आवाज घशातच राहतो. 'थम' ठरलेल्या पायावरच द्यावं लागतं. जरा चुकलं की निम्म्या मुली थांबतात, निम्म्या पुढचीच्या पाठीवर आदळतात. चूक कुणाची हे मग कुणाला सांगावं लागत नाही. पुढच्या परेडला तीच मुलगी ओठांत पावलं मोजताना दिसते.

कॅम्पात तर आणखी. पहाटे फॉलइनची, म्हणजे रांगेत उभं राहायची शिट्टी झालीय, एकीचा बेल्ट सापडत नाही, दुसरी घरच्या आठवणीने रडतेय, आणि तंबूची सीनिअर म्हणजे चौदा वर्षांची पोर. हजेरीत एक डोकं कमी भरलं तर जाब तिलाच. (पालकांना मात्र फोटो हवा असतो तो पॉइंट टू टू रायफलसोबतचा!)

पण हे सगळ्याच शाळांत घडतं असं नाही. काही ठिकाणी एनसीसी म्हणजे १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, पाहुण्यांना सलामी आणि स्नेहसंमेलनात खुर्च्या लावणं. म्हणून नाव घालण्याआधी एक परेड लांबून बघा. हुकूम सर किंवा मॅडमच देतायत की सार्जंट मुलगी? चुकलेल्या पोरीला पुन्हा संधी मिळते की लगेच दुसरी पुढे येते? दरवेळी एकच ठरलेली मुलगी पुढे असेल, तर तुमची लेक दोन वर्षं मागच्या रांगेतच राहील, हे धरून चाला.

घरच्यांना 'पुढे सैन्यात जावं लागेल' ही धास्ती असेल तर ती काढून टाका. १९४८च्या एनसीसी कायद्यानुसार कॅडेटवर तसं कोणतंही बंधन नाही. उलट तिलाच जावंसं वाटलं, तर कॉलेजात 'सी' सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असले की स्पेशल एंट्रीने लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीसाठी, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. अर्थात आत्ता आठवीत हे डोक्यात घेऊ नका.

पैशांचं म्हणाल तर सरकारी तुकडीला फी नसते. शाळेची तुकडी स्वयंअर्थसहाय्यित असेल तर खर्च कुणाकडून घेतात ते ऑफिसात विचारून घ्या. सुट्टीत हजारो रुपये घेऊन 'मिलिटरी कॅम्प' भरवणारे वेगळे, त्यांचा एनसीसीशी संबंध नाही. आणि मुलीच्या नावाचं बँक खातं नसेल तर आत्ताच उघडा, गणवेशाच्या भत्त्यासाठी लागेल.