वडिलांच्या पहिल्या घटस्फोटाची डिक्री कुठे शोधायची?

ताई, तुमचा मेसेज नीट वाचला. आधी माझ्या शब्दात परत मांडतो, म्हणजे समजण्यात काही फरक असेल तर तुम्ही सांगाल. वडील सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात झेडपीच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, गेल्या वर्षी वारले. आईची फॅमिली पेन्शन अडकलीये कारण सर्व्हिस बुकात सुरुवातीचं नॉमिनेशन पहिल्या बायकोच्या नावाने निघालं आणि ऑफिसने लेटर दिलं की "पहिल्या पत्नीच्या घटस्फोटाचं सर्टिफिकेट जोडा". घरात कागद नाही. आईला एवढंच माहीत की 85-86 च्या सुमारास वडील "कोर्टातून मोकळे झाले", आणि आईचं लग्न मे 1987 चं. पहिल्या बाईंचं माहेर कऱ्हाडकडचं. भावाने पुण्याच्या फॅमिली कोर्टात विचारून पाहिलं, ई-कोर्टच्या साइटवर नाव टाकून पाहिलं, नगरपालिकेतही जाऊन आला, सगळीकडे नन्नाचा पाढा.

तर पहिली गोष्ट, घटस्फोटाचं सर्टिफिकेट नावाचा कागद आपल्याकडे नसतोच. जन्माची, मृत्यूची, लग्नाची नोंद होते, महाराष्ट्रात लग्नाच्या नोंदणीसाठी 1998 चा कायदा आहे, त्याआधी 1953 चा होता, पण घटस्फोटाचं वेगळं रजिस्टर कुठल्याच नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवत नाहीत. गोव्यात जरा वेगळं आहे, तिथे कोर्टाचा निकाल लागला की सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या लग्नाच्या नोंदीवर त्याचा शेरा मारून ती रद्द करतात, पण तो तिथला पोर्तुगीज काळापासूनचा कायदा, आपल्याला त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे घटस्फोटाचा पुरावा म्हणजे कोर्टाची डिक्री, मराठीत हुकूमनामा, आणि ती ज्या कोर्टाने दिली तिथेच मिळते. पेन्शनच्या ऑफिसला सर्टिफिकेट म्हणजे हेच हवंय, त्यांच्या शब्दात अडकू नका. आणि हो, नेटवर "घटस्फोट प्रमाणपत्र काढून देतो" म्हणणारे एजंट भेटतील, एक रुपया देऊ नका.

आता भावाला का मिळालं नाही ते सांगतो. फॅमिली कोर्टाचा कायदा 1984 चा असला तरी पुणे-मुंबईची फॅमिली कोर्टं सुरू झाली 1989 मध्ये. तुमची केस त्याआधीची आणि सांगली-सातारा भागातली, तिचा पुण्याशी संबंधच नाही. त्या काळी हिंदू विवाह कायद्याचे अर्ज जिल्ह्यातल्या सिव्हिल जज सिनियर डिव्हिजनकडे, म्हणजे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालायचे. ई-कोर्टचा प्रकल्पच 2007 नंतरचा, त्यामुळे 85 साली निकाल लागून बंद झालेली फाईल तिथे सापडण्याची आशा फार धरू नका. साइटवर "रेकॉर्ड नॉट फाऊंड" आलं म्हणजे घटस्फोट झालाच नाही असं अजिबात नाही.

मग कुठलं कोर्ट? इथे अंदाजाने फिरण्यापेक्षा कायदा काय म्हणत होता ते बघायचं. हिंदू विवाह कायद्याचं कलम 19 सांगतं की अर्ज कुठे करता येतो: लग्न जिथे लागलं तिथे, समोरची पार्टी जिथे राहते तिथे, किंवा दोघं शेवटचे जिथे एकत्र राहिले तिथे. बायको स्वतः राहते तिथे तिने अर्ज करायची सोय आली 2003 मध्ये, 85 ला ती नव्हती. म्हणजे पहिल्या बाई भांडण झाल्यावर माहेरी आल्या आणि वडिलांनी केस केली असेल तर त्या कऱ्हाडला राहतात म्हणून सातारा जिल्ह्यात. बाईंनीच केस केली असेल तर वडील राहत होते ते किंवा दोघांनी शेवटचा संसार केला ते गाव, म्हणजे सांगली जिल्हा. आणि लग्न कुठे लागलं हे कळलं तर तोही एक धागा, मुलीच्या दारात लागलं असेल तर परत साताराच. एकूण दोनच जिल्हे उरतात, सांगली आणि सातारा. मी आधी सांगलीला बघेन कारण शेवटचा संसार आणि नोकरी दोन्ही तिथली.

कोर्टात जायच्या आधी एक काम मात्र करा, ते बहुतेक जण करत नाहीत. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आईच्या नावाने अर्ज करून वडिलांच्या सर्व्हिस बुकाची संपूर्ण नक्कल मागा, सगळी पानं, फक्त नॉमिनेशनचं पान नाही. का, तर नॉमिनेशन पुढे बदललं असेल तर त्या बदलासोबत कधी कधी कारण किंवा कागद जोडलेला असतो, पीएफच्या फॉर्मवर तारीख असते, आणि बायकोने पोटगीची केस केली असेल तर पगारातून कपात करायचा कोर्टाचा हुकूम हेडमास्तरांना किंवा पंचायत समितीला आलेला असतो, त्यावर कोर्टाचं नाव आणि केस नंबर असतो. तेवढा एक नंबर मिळाला तर अर्धं काम झालं समजा. घरात वडिलांची जुनी ट्रंक, एलआयसीच्या पॉलिसीचं पाकीट, समन्सची पाठकोरी कॉपी, वकिलाने लिहून दिलेली तारखेची चिठ्ठी, काहीही चालेल. वकील कोण होते हे आईला किंवा चुलत्यांना आठवत असेल तर त्यांच्या ऑफिसात आता मुलगा नाहीतर ज्युनियर बसत असेल, जुन्या डायऱ्या बऱ्याच वकिलांकडे असतात.

पण इथे जरा सावध करतो. पोटगीची केस म्हणजे घटस्फोट नव्हे. गावाकडे "कोर्टात फारकत झाली" असं सरसकट म्हणतात, आणि कागद काढला की तो निघतो मॅजिस्ट्रेट कोर्टातला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 चा पोटगीचा हुकूम, किंवा न्यायिक विभक्तीची डिक्री, त्यात नवरा-बायको वेगळे राहतात पण लग्न टिकून असतं. तिसरा प्रकार म्हणजे स्टॅम्प पेपरवर पंचांच्या सह्यांनी केलेली सोडचिठ्ठी. समाजात काडीमोडाची रूढी असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 प्रमाणे तिला मान्यता आहे, पण ती रूढी आहे हे पुराव्याने शाबित करावं लागतं, सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येही हेच सांगितलंय. नुसता नोटरीचा शिक्का बघून कुठलंही ऑफिस पेन्शन देणार नाही, आणि द्यायलाही नको. म्हणून जो कागद मिळेल त्याच्या शेवटच्या परिच्छेदात "विवाह घटस्फोटाने विसर्जित करण्यात येत आहे" अशा अर्थाचं वाक्य आहे का ते बघा.

आता प्रत्यक्ष कोर्टातलं काम. जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड विभागात शोधासाठी लेखी अर्ज द्या, वर्षं 1983 ते 1987 अशी सैल ठेवा, नुसतं 85-86 लिहाल तर तेवढंच बघतील. त्या काळच्या रजिस्टरमध्ये हे अर्ज हिंदू मॅरेज पिटिशन म्हणून वेगळे लावलेले असतात, साध्या दाव्यांच्या रजिस्टरमध्ये शोधत बसू नका. आणि नावाची खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे, त्यामुळे बाईंचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव दोन्ही लिहा, माहेरचं आडनाव पण लिहा, कारण जुन्या कागदांवर "अमुक भ्रतार तमुक" (भ्रतार म्हणजे नवरा) असंही असतं आणि माहेरच्या नावानेही असतं. वडील अर्जदार होते का सामनेवाले हे आपल्याला माहीत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी बघायला सांगा. नुसतं वडिलांचं नाव अर्जदारांच्या रांगेत बघून "नाही" म्हणून परत पाठवण्याचा प्रकार सर्रास होतो.

नंबर सापडला की नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प लावून. तुम्ही केसमध्ये पार्टी नाही, आणि लग्नाच्या केसेस त्याच कायद्याच्या कलम 22 प्रमाणे इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, चालतात, म्हणून त्रयस्थाला नक्कल सहज देत नाहीत. तुम्ही त्रयस्थ नाही हे दाखवायचंय. अर्ज आईच्या नावाने करा, सोबत वडिलांचा मृत्यूदाखला, आईचं वडिलांशी नातं दाखवणारा कागद, पेन्शन ऑफिसचं ते लेटर, आणि नक्कल कशाला हवी हे सांगणारं प्रतिज्ञापत्र. ते लेटरच तुमचं सगळ्यात मोठं हत्यार आहे, ओरिजिनल जपून ठेवा. मागताना निकालपत्र आणि डिक्री दोन्ही मागा, संमतीने झाला असेल तर तडजोडीची पुरसिस (कोर्टात दिलेलं लेखी निवेदन) पण, आणि प्रत्येकी दोन-तीन प्रती घ्या, एक पेन्शनमध्ये जमा झाली की ती परत मिळत नाही. नोटरीने ट्रू कॉपी केलेली झेरॉक्स चालत नाही, कोर्टाचा शिक्का असलेली सर्टिफाइड कॉपीच लागते. घाई असेल तर जास्त फी भरून अर्जंट नक्कल मागता येते. तुम्हाला नाशिकहून सारखं जाणं जमणार नसेल तर सांगलीतला एखादा स्थानिक वकील धरा, हे काम मोठ्या वकिलाचं नाही, रेकॉर्ड रूमच्या लोकांशी रोज बोलणं असलेल्या माणसाचं आहे.

बरेच जण सांगतील की आरटीआय टाका. नका टाकू. मार्च 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की कोर्टाच्या केसचे कागद कोर्टाच्या नियमांनुसार नकलेचा अर्ज करूनच घ्यायचे, आरटीआयने नाही. महिना फुकट जाईल.

आणखी एक दार आहे, नाजूक आहे. पहिल्या बाई हयात असतील तर त्या पार्टी आहेत, घटस्फोटाची डिक्री झाल्यावर दोन्ही पार्ट्यांना एक प्रत फुकट द्यायची असं कलम 23 मध्येच लिहिलंय, म्हणजे त्यांच्याकडे किंवा त्यांच्या भावांकडे ती असू शकते. त्यांनी पुढे दुसरं लग्न केलं असेल तर नक्कीच कुणीतरी जपून ठेवली असेल. जायचं तर आईने नाही, तुम्ही किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांनी जा, आणि पेन्शनमधला त्यांचा वाटा वगैरे विषय तिथे काढू नका.

रेकॉर्ड नष्ट झालंय असं कळलं तर? निकालपत्र आणि डिक्री बाकीच्या कागदांपेक्षा जास्त जपतात, पुरावे, अर्ज, वकीलपत्र वगैरे आधी नष्ट होतात, त्यामुळे "फाईल नष्ट" म्हटलं तरी डिक्री वेगळी शिल्लक आहे का ते विचारायचं. सांगलीने 2005, 2019, 2021 चे महापूर बघितलेत, त्यामुळे कुणी तोंडी म्हणेल "पुरात गेलं असेल हो". तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी उत्तर घ्या, आणि मूळ रजिस्टरच्या नोंदीचा प्रमाणित उतारा मागा, त्यात नंबर, पार्ट्यांची नावं, निकालाची तारीख आणि निकाल काय लागला एवढं असतं. मूळ कागद नष्ट झाल्याचं दाखवलं की दुय्यम पुरावा चालतो. त्या उताऱ्यावरही ऑफिस अडून बसलं तर लग्नाच्या स्थितीबद्दल जाहीर करून मिळण्याचा दावा आईला करता येईल, पण तो शेवटचा मार्ग, आत्ता त्याचा विचार नको.

तारखेचं महत्त्व मात्र आत्ताच सांगून ठेवतो. आईच्या लग्नाच्या दिवशी पहिलं लग्न कायम असेल तर दुसरं लग्न रद्दबातल ठरतं आणि पेन्शनचा हक्क जातो, मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानेही असंच म्हटलंय. डिक्री आधीची असेल तर प्रश्न मिटला. डिक्री आणि लग्न यात अगदी थोडे दिवस असतील तरी घाबरू नका, त्या वेळी अपिलाची मुदत 30 दिवस होती, आणि घटस्फोटानंतर पुन्हा लग्न करण्याआधी थांबायची मुदत संपायच्या आत लग्न केलं एवढ्यावरून ते रद्दबातल होत नाही असं सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये धरलंय. फक्त अपील झालं होतं का ते त्याच रजिस्टरमध्ये बघून घ्या. आणि काहीही निघालं तरी तुम्हा भावंडांना धक्का नाही, कलम 16 मुळे तुम्ही वडिलांची औरस मुलंच आहात आणि त्यांच्या मिळकतीत तुमचा हिस्सा आहे.

तोपर्यंत पेन्शन ऑफिसला गप्प बसून राहू देऊ नका. कोर्टात अर्ज दिला की त्याच्या पोचपावतीची झेरॉक्स जोडून एक पत्र द्या की डिक्रीची नक्कल मागितली आहे, मिळताच सादर करतो, तोवर प्रस्ताव परत पाठवू नये, आणि त्या पत्रावर आवक नंबर घ्या. सर्व्हिस बुकाची नक्कल आली की मला त्यातलं नॉमिनेशनचं पान आणि कपातीची नोंद असेल तर ते पान पाठवा, त्यावरून सांगली आधी का सातारा हे नक्की सांगतो.