बक्षीसपत्र करून दिलं, आता मुलगा घरात घेत नाही

प्रश्न: निपाणीजवळच्या खेड्यात आमचं घर आहे. वय ७१. मालक गेल्यावर चार वर्षांपूर्वी घर आणि शेत मुलाच्या नावे बक्षीसपत्रानं केलं. कागद कन्नडमध्ये होता, मी अंगठा दिला. आता मुलानं बाहेर काढलंय. गडहिंग्लजला लेकीकडं आहे. घर परत मिळेल का?

उत्तर: मावशी, मुलाकडून पोटगी मागायचा तुमचा हक्क बक्षीसपत्रावर अवलंबून नाही. एक गुंठाही दिला नसता तरी तो होताच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली चिकोडीच्या प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा. वकील लागत नाही. महिना १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते, निकाल लागेपर्यंतची रक्कमही मागता येते.

घराचं मात्र कागदावर ठरेल. 'आईला सांभाळीन' या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द होतं. म्हणून सब-रजिस्ट्रारकडून दस्ताची नक्कल काढा आणि मुलाच्या ओळखीत नसलेल्या, कन्नड जाणणाऱ्या माणसाकडून शब्द न् शब्द वाचून घ्या. अट दस्तात नसली तरी मुलानं सांभाळायचं वेगळं लिहून दिलंय का, ते शोधा. उर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असं वेगळं वचनपत्र ग्राह्य धरून आईला मालमत्ता परत दिली. अट कुठंच सापडली नाही, तर प्रांतांकडे हा मुद्दा टिकणं अवघड. मग फसवून अंगठा घेतला म्हणून दिवाणी दावा लागेल. त्याला मुदत असते, तेव्हा नक्कल याच आठवड्यात काढा.

अर्ज मराठीत लिहा. राज्यघटनेच्या कलम ३५० नं तो हक्क दिलाय. कन्नड येत नाही म्हणून आपली म्हातारी माणसं कचेरीच्या पायरीवरून परत फिरतात, हे मला सहन होत नाही. काम अडू नये म्हणून सोबत कन्नड भाषांतर जोडा. तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते, दिवाणी दाव्यासाठी वकीलसुद्धा.

तुम्ही आता राहता तिथं, म्हणजे गडहिंग्लजलाही अर्ज चालतो. तरी मी चिकोडीच सांगेन. घर, उतारे आणि मुलगा तिकडंच आहेत.

आणखी एक. या कायद्यात मुलीवरही जबाबदारी आहे, मुलगा तेच पुढं करेल. गांगरू नका. लेक तुम्हाला सांभाळतेच आहे. सुनावणीला तिला सोबत न्या आणि हे तिलाच सांगू द्या.