पॅकेज, टास्क आणि डाउनलाइन: पैसा नक्की कुठून येतो?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत ‘घरबसल्या ऑनलाइन कमाई’ हाच विषय पुन्हा पुन्हा होता. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्राच्या नादाने एक फुकट वेबिनार पाहिला आणि आता डिजिटल मार्केटिंगचं ७,९९९ रुपयांचं पॅकेज घ्यायचं म्हणतो. तेच पॅकेज दुसऱ्याला विकलं की ७० टक्के कमिशन मिळतं म्हणे. मित्राच्या मोबाइलवर दीड लाखाची कमाई दिसते. नाही म्हटलं की घरात वाद होतो. काय करू?
(एक आई, विटा)

अ‍ॅफिलिएट मार्केटिंग हा धंदा खोटा नाही, हे आधी मुलाजवळ मान्य करून टाका. नाहीतर पहिल्याच वाक्याला तो ऐकायचं थांबेल. आपण एखाद्या वस्तूची लिंक द्यायची, कुणी तिच्यावरून खरेदी केली की दुकानाने आपल्याला टक्का द्यायचा, इतकं ते सरळ काम आहे. पण त्यात शिरायला पैसे पडत नाहीत. मोठ्या शॉपिंग साइटच्या अ‍ॅफिलिएट योजनेत नाव नोंदवणं फुकट असतं आणि बहुतेक वस्तूंवर कमिशन एक अंकी टक्क्यांत असतं. सॉफ्टवेअर किंवा ऑनलाइन कोर्सवर ते बरंच जास्त असू शकतं, कारण दुसरी प्रत काढायला खर्चच येत नाही. म्हणून नुसत्या ७० टक्क्यांवरून योजनेला खोटं ठरवू नका. गिऱ्हाईक कोण आहे, ते बघा. मुलाला एवढंच विचारा: ‘हा कोर्स पुढे विकायचा नाही, फक्त शिकायचा आहे, असा एक तरी माणूस तो ७,९९९ ला घेईल का?’ असं कुणी नसेल, तर तिथे कोर्स हा माल नाहीच. माल म्हणजे पुढचा सभासद.

आता वही-पेन घेऊन दोघं बसा. ७,९९९ चे ७० टक्के म्हणजे ५,५९९. एक पॅकेज विकलं तरी २,४०० अंगावरच राहतात. फायद्यात यायला किमान दोघं आणायला हवेत. प्रत्येकाने अगदी शिस्तीत दोघं आणले असं धरा: १, २, ४, ८, १६... दहाव्या ओळीत ५१२ जण होतात आणि सगळे मिळून १,०२३. म्हणजे ५११ जण फायद्यात, आणि शेवटच्या ओळीतल्या ५१२ जणांचे प्रत्येकी ७,९९९, एकूण ४० लाख ९५ हजार रुपये गेलेले. ‘तेही दोघं आणतील की’ असं मुलगा म्हणेल. आणू दे. अकराव्या ओळीत १,०२४ जण अडकतील. शेवटच्या ओळीत नेहमी निम्म्याहून जास्त माणसं असतात, योजना कितीही मोठी झाली तरी. अठ्ठाविसाव्या ओळीला १३ कोटी ४२ लाख माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. आणि हा झाला सगळ्यात चांगला हिशेब. प्रत्यक्षात एखादा तरबेज गडी पन्नास जण आणतो आणि बाकीच्यांना एकही मिळत नाही.

राहिला स्क्रीनशॉट. वादात हरण्यापेक्षा तो कसा बनतो ते करून दाखवा. संगणकावर क्रोममध्ये हवामानाचं एखादं पान उघडा. तापमानाच्या आकड्यावर राइट क्लिक करून शेवटचा ‘इन्स्पेक्ट’ हा पर्याय निवडा. बाजूला कोड उघडतो आणि त्यात तोच आकडा असलेली ओळ ठळक झालेली दिसते. तिच्यावर डबल क्लिक करा, ३१ च्या जागी ४ टाइप करा, एंटर दाबा. विट्यात ४ अंश तापमान! अक्षर तेच, रंग तोच. पान रिफ्रेश केलं की ३१ परत येतात, पण स्क्रीनशॉट तोवर काढून झालेला असतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कमाईच्या डॅशबोर्डचंही असंच करता येतं.

मित्राचा आकडा खरा असला, तरी डॅशबोर्ड कंपनीचा असतो. तिथला आकडा म्हणजे बँकेतला पैसा नव्हे. मित्राला दोनच गोष्टी दाखवायला सांगा: बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा झालेल्या रकमा, आणि आयकर पोर्टलवरचं त्याचं एआयएस, म्हणजे वार्षिक माहितीपत्रक. दीड लाखाचं कमिशन देणाऱ्या कंपनीला त्यावर टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, कापावा लागतो आणि तो तिथे दिसतो. दिसला नाही, तर एक तर आकडा खोटा किंवा कंपनीचा कारभार खोटा.

‘फक्त ७ सीट, १५ मिनिटं शिल्लक’ ही घड्याळंही तपासून बघता येतात. तीच लिंक क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. बहुतेक वेळा १५ मिनिटं नव्याने सुरू झालेली दिसतील.

मुलाची शिकायची हौस मात्र मारू नका. गुगलच्या स्किलशॉपवर जाहिरातींचे कोर्स फुकट आहेत. ते झाले की ओळखीच्या एखाद्या दुकानदाराला विचारून रोज २०० रुपये याप्रमाणे १० दिवस जाहिरात चालवू द्या. २,००० रुपयांत किती फोन आले, किती गिऱ्हाइकं प्रत्यक्ष दुकानात आली, हे तो लिहून ठेवेल. नोकरीच्या मुलाखतीत ते पान उपयोगी पडतं. पॅकेजचं प्रमाणपत्र पडत नाही.

जाऊबाईंनी टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. हॉटेलांना गुगल मॅपवर पाच स्टार द्यायचे, एकाचे ५० रुपये. पहिल्या दिवशी १५० रुपये खरंच खात्यात आले. मग १,००० भरले, त्याचे १,३०० मिळाले. आता ५,००० भरायला सांगतात. भरू का?
(गृहिणी, सिन्नर)

भरू नका. एक रुपयाही नाही.

तुम्ही १,००० दिले आणि तुम्हाला एकूण १,४५० मिळाले. हे वरचे ४५० रुपये म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. ५,००० नंतर बहुतेक ‘तीन टास्कचा सेट’ येईल आणि तो अर्धा सोडला तर आधीचे पैसे मिळणार नाहीत असं सांगतील. दुसरा टास्क १५,००० चा, तिसरा ४० किंवा ५० हजारांचा. मग ‘तुम्ही चुकीचं बटण दाबलंत, तुमच्यामुळे ग्रुपमधल्या सगळ्यांचे पैसे अडकले’ असा ठपका येतो. ग्रुपमधले ते ‘सगळे’ त्यांचीच माणसं असतात. तरीही त्यांची रडारड वाचून भल्याभल्यांचा धीर सुटतो आणि ती रक्कम भरली जाते. शेवटी पडद्यावर मोठी शिल्लक दिसते, पण ती काढायला आधी ‘३० टक्के टॅक्स’ भरा म्हणतात. आयकर कधीही कुणा खासगी माणसाच्या यूपीआय आयडीवर भरायचा नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शिफारशीवरून अशा टास्क फसवणुकीच्या शंभराहून जास्त वेबसाइट बंद झाल्या. माणसं तीच राहिली, नावं बदलली.

ग्रुप सोडायच्या आधी पुरावा गोळा करा. टेलिग्रामवर समोरचा माणूस मेसेज तुमच्याकडूनही पुसू शकतो. म्हणून सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट, ग्रुपचं नाव आणि लिंक, बोलणाऱ्यांची युजरनेम, पैसे ज्यांना गेले ती नावं असं सगळं आजच जपून ठेवा. तुमच्याकडे आलेले पैसे दुसऱ्या एखाद्या फसलेल्या बाईचे असू शकतात आणि तिने तक्रार केली तर त्या रकमेवर बँक होल्ड लावू शकते. तसं झालं तर हेच स्क्रीनशॉट तुमच्या बाजूने बोलतील.

ज्यांनी मोठी रक्कम भरली आहे, त्यांनी नवऱ्याला किंवा मुलाला कसं सांगू या विचारात रात्र घालवू नये. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. बँकेचं नाव, रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर हाताशी ठेवा. यूपीआय अ‍ॅपमध्ये तो व्यवहार उघडला की खालच्या तपशिलात हा नंबर मिळतो. पैसे पुढच्या खात्यांत पळायच्या आत फोन गेला, तर ते गोठवता येतात. त्यानंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि ‘अडकलेले पैसे काढून देतो, आधी फी भरा’ म्हणणारा कुणी भेटला, तर तो दुसरा चोर समजा.

जाऊबाईंवर रागावू नका. त्यांनाही हे वाचून दाखवा. बहुधा त्या तुमच्यापेक्षा पुढच्या टप्प्यात असतील.

जाहिराती बघायच्या, क्लिक करायचं, पैसे मिळवायचे, असं एक अ‍ॅप आमच्या कॉलनीत पसरलं आहे. सुरुवातीला वर्गणी भरावी लागते. यात फसवणूक कुठे आहे, तेच कळत नाही.
(निवृत्त लिपिक, अकोला)

जाहिरातदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जो माणूस फक्त पैशासाठी क्लिक करतो आणि कधीच काही घेत नाही, त्याच्या क्लिकला तुम्ही काय द्याल? काहीच नाही. मग ते पैसे येतात कुठून? सभासदांच्या वर्गणीतून.

आपल्याकडे हे दोनदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेलं आहे. २०१०-११ मध्ये ‘स्पीक एशिया’ सर्वेक्षणाच्या नावाखाली वर्षाला ११,००० रुपये घ्यायची आणि आठवड्याला १,००० द्यायचं आश्वासन द्यायची. म्हणजे वर्षाचे ५२,०००. वरचे ४१,००० कोण देणार होतं, हा प्रश्न त्या वेळी फार थोड्यांनी विचारला. मुंबई पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा त्या प्रकरणाच्या तपासात होती. पुढे नोएडाच्या ‘सोशल ट्रेड’ने एका क्लिकला ५ रुपये देऊ केले. फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या एसटीएफने (विशेष पथकाने) तिच्या प्रमुखांना अटक केली, तेव्हा तपास यंत्रणेने सांगितलेला आकडा सुमारे ३,७०० कोटींचा होता. तुमच्या कॉलनीतलं अ‍ॅप नवं असेल, हिशेब जुनाच आहे.

आमच्याकडे आलेल्या प्रतिनिधीने कंपनीचं नोंदणीपत्र, जीएसटी, एमएसएमई आणि आयएसओ अशी चार सर्टिफिकेटं दाखवली. ‘सरकारमान्य’ आहे म्हणतो. पडताळायचं कसं?
(शिक्षक, चिपळूण)

चारही कागद खरे असतील, तरी ‘सरकारमान्य’ हा शब्द खोटा आहे. जीएसटी नंबर म्हणजे कर भरायची नोंद. एमएसएमईचं, म्हणजे लहान-मध्यम उद्योगाचं, उद्यम प्रमाणपत्र मालकाने स्वतः दिलेल्या माहितीवर फुकट मिळतं. आयएसओ बहुतेक वेळा खासगी संस्था देतात. आणि कंपनी नोंदवली म्हणजे लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी मिळाली, असं होत नाही.

उपयोगाचा कागद नोंदणीपत्र, कारण त्यावर २१ अक्षर-अंकांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, असतो. तो फोडून वाचा. पहिलं अक्षर एल किंवा यू: शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे की नाही. पुढचे पाच अंक धंद्याचा प्रकार सांगतात. मग राज्याची दोन अक्षरं, महाराष्ट्राची असेल तर एमएच. नंतरचे चार अंक स्थापनेचं वर्ष, पुढची तीन अक्षरं कंपनीचा प्रकार, उदाहरणार्थ पीटीसी म्हणजे प्रायव्हेट, आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्या कंपनीच्या सीआयएनमध्ये २०२४ असेल, तर बोलणं तिथेच थांबवा. हाच नंबर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर टाकला की नोंदलेला पत्ता कळतो.

याच्या जोडीला पैसे कुणाच्या नावाने मागतात ते बघा. यूपीआय आयडी टाकला की पिन द्यायच्या आधी खातेदाराचं नाव दिसतं. कंपनीच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं, तर मागे फिरा. परताव्याचं आश्वासन देऊन ठेव मागत असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार करता येते. माल विकणाऱ्या साखळीसाठी २०२१ चे डायरेक्ट सेलिंग नियम आहेत. त्यांनुसार प्रवेश फी किंवा नोंदणी फी घेताच येत नाही, आणि पिरॅमिड योजनेला, म्हणजे सभासदाखाली सभासद जोडत जाणाऱ्या साखळीला, बंदी आहे. प्रतिनिधीला हा नियम दाखवा आणि फी कशाची, हे लेखी मागा. विचारपूस करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

मी स्वतः एका योजनेत आहे. भाऊ, मेहुणा, मावसबहिणी धरून माझ्याखाली, म्हणजे डाउनलाइनमध्ये, नऊ जण आहेत. पेमेंट थांबलं आहे. अपलाइन, म्हणजे माझ्या वरचा माणूस, म्हणतो, ‘आणखी चार आणा, सगळ्यांचे सुटतील.’ मला झोप लागत नाही.
(वाचक, कोल्हापूर)

ते चार जण आणू नका. पेमेंट थांबल्यावर येणाऱ्या माणसाचे पैसे बुडतात, हे आता तुम्हाला माहीत आहे. आधी केलं ते अजाणता झालं. इथून पुढचं तसं म्हणता येणार नाही. १९७८ च्या प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन (सभासद जोडून पैसे फिरवणाऱ्या) योजना बंदी कायद्यात नुसता योजना चालवणारा गुन्हेगार नाही. सभासद होणं, पैसे घेणं-पाठवणं यालाही मनाई आहे. योजना चालवणाऱ्याला आणि तिचा प्रसार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून आधी वकिलाला भेटा आणि मग पोलिसांत तक्रार द्या, शक्यतो नऊ जणांसह एकत्र. सोबत एक तक्ता न्या: कुणी, कोणत्या तारखेला, किती, कोणत्या खात्यात भरले आणि परत किती आले. तुम्हाला त्या नऊ जणांवर किती कमिशन मिळालं, तो रकानाही तक्त्यात असू द्या. तो लपवला आणि नंतर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सापडला, तर तुमच्या बाकीच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही. परतफेड कशी करायची, ते वकिलाला विचारून ठरवा आणि बँकेतूनच करा, म्हणजे नोंद राहील.

घरच्यांना आजच कळवा. ग्रुपवर टाकू नका, प्रत्येकाला वेगळा मेसेज करा. शब्द सुचत नसतील तर हे घ्या: ‘मी तुला ज्या योजनेत घेतलं, तिचं पेमेंट बंद आहे आणि ते सुरू होईल असं मला वाटत नाही. आणखी पैसे भरू नकोस, तुझ्याखाली कुणाला घेऊ नकोस. तुझ्यावर मला इतके रुपये कमिशन मिळालं होतं. पावत्या आणि चॅट पुसू नकोस. आपण मिळून तक्रार देऊ. रविवारी घरी येतो.’ आणि रविवारी खरंच जा.