कंपनी वर येणं किंवा बुडणं खरंच नेतृत्वावर आणि आतल्या वातावरणावर ठरतं का?

तुम्ही विचारलंय की हे खरंच असं असतं, की शेवटी सगळा बाजाराचा आणि भांडवलाचा खेळ. शिवाय तुमच्या हातात दोन ऑफर आहेत, पगार जवळपास सारखा. मी एकवीस वर्षं भोसरी-चाकणच्या पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत प्रॉडक्शनला काढली. माझं उत्तर: हो, ठरतं, आणि फार थेट ठरतं.

पण याचा पुरावा द्यायचा तर माणसं तीच, इमारत तीच, फक्त चालवणारे बदलले असं उदाहरण हवं. ते कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला घडलंय.

जनरल मोटर्सचा तिथला कारखाना पार बदनाम झाला होता. पाचातला एक कामगार गैरहजर, ड्युटीवर दारू, युनियनच्या तक्रारींचा ढीग. लाइन, म्हणजे गाड्या जोडत जोडत पुढे सरकणारा पट्टा, थांबवणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. गाडीला चुकीचा भाग लागला तरी पुढे सोडायची, शेवटी दुरुस्तीत बघून घेऊ. 1982 मध्ये कंपनीने टाळं लावलं.

1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला, ‘नुमी’ या नावाने. चालवायचा टोयोटाने. सुमारे 85 टक्के कामगार जुन्याच कारखान्यातले घेतले, युनियनही तीच. टीम लीडर, ग्रुप लीडर अशा शेकडो जणांना शिकायला जपानला, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात पाठवलं. साहेबांचं वेगळं कँटीन आणि राखीव पार्किंग गेलं. आणि लाइनच्या कडेने डोक्यावर एक दोरी आली. अडचण आली की कुणीही ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. गाडी त्या कामगाराच्या टप्प्याची हद्द ओलांडायच्या आत प्रश्न सुटला तर लाइन चालू राहते, नाहीतर थांबते. ओढणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. थोड्याच काळात तिथल्या गाड्या दर्जात जनरल मोटर्सच्या सगळ्यात चांगल्या गाड्यांत गणल्या जाऊ लागल्या. त्याच दशकात जनरल मोटर्स रोबोटवर अब्जावधी डॉलर ओतत होती; नुमीतली यंत्रं काही जगावेगळी नव्हती.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती 1988 ची. गाडी खपेना, कारखाना क्षमतेच्या साधारण साठ टक्क्यांवर आला. एकालाही घरी बसवलं नाही. रिकाम्या झालेल्या माणसांना ट्रेनिंग दिलं, लाइनवरच्या सुधारणा करायला लावल्या. कामगार कपात करायचीच वेळ आली तर आधी वरच्यांचे पगार कापायचे, हे युनियनबरोबरच्या करारातच होतं. दोरी ओढायचा धीर माणसाला अशा वागण्यातून येतो.

हे मी ठामपणे म्हणतो, कारण उलटं होताना डोळ्यांनी पाहिलंय. मी होतो त्या एका कारखान्यातही (नाव सांगत नाही) अशी दोरी लावली होती. कस्टमरचं, म्हणजे आमचे भाग घेणाऱ्या गाडी कंपनीचं ऑडिट होतं म्हणून. सेकंड शिफ्टला काँट्रॅक्टवरच्या एका पोराला बोल्ट तिरका बसतोय असं हाताला जाणवलं. त्याने दोरी ओढली, लाइन अकरा मिनिटं थांबली. बोल्ट खरंच तिरका होता, थ्रेड (आटे) गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये प्लँट हेडने पहिला प्रश्न विचारला, “कुणी थांबवली?” त्या बोल्टबद्दल एक शब्द नाही. पोराचं नाव बोर्डावर लिहिलं, समोर लॉस झालेले नग लिहिले. आठवडाभरात कुणीतरी ती दोरी गुंडाळून केबल टायने वर पाइपला बांधून टाकली, चुकून हात लागू नये म्हणून. मीही ती सोडवली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे कस्टमरच्या लाइनवर आमचे तिरके बोल्ट सापडायला लागले. अख्खे लॉट अडकले, आमची माणसं तिकडे महिनाभर सॉर्टिंगला (चांगले-वाईट नग वेगळे करायला) बसली, डेबिट नोट आल्या, म्हणजे नुकसान आमच्या पैशातून कापलं, आणि पुढच्या मॉडेलची ऑर्डर शेजारच्या कारखान्याला गेली. बाजार तेव्हा तेजीत होता. भांडवलही होतं.

जनरल मोटर्सचंही असंच झालं. नुमी डोळ्यांसमोर असताना त्यांनी ती पद्धत लॉस एंजलिसमधल्या व्हॅन नाइस कारखान्यात न्यायचा प्रयत्न केला. टीम केल्या, दोऱ्या टांगल्या. पण मॅनेजरांचं मोजमाप किती गाड्या बाहेर पडल्या यावरच राहिलं, त्यामुळे लाइन थांबू द्यायची कुणाची छाती झाली नाही. तो कारखाना 1992 मध्ये बंद झाला.

तुमच्या शंकेची दुसरी बाजूही सांगायला हवी. चांगलं वातावरण म्हणजे अमरपट्टा नाही. 2009 मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, भागीदारीतून बाहेर पडली, आणि एप्रिल 2010 मध्ये नुमीलाही टाळं लागलं. आतल्या कामगारांचा त्यात काय दोष? (आज त्याच इमारतीत टेस्लाच्या गाड्या बनतात.) तरी ज्या कारखान्यावर 1982 मध्येच पाणी सोडलं होतं, तो पुढे पंचवीस वर्षं चालला.

आता तुमच्या ऑफरबद्दल. इंटरव्ह्यूला दोन्हीकडे शॉप फ्लोअरचा, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं तिथला राउंड मागा. भिंतीवरची पोस्टर वाचत बसू नका. चहाच्या वेळेला एखाद्या ऑपरेटरला गाठा आणि विचारा, “शेवटची लाइन कुणी थांबवली होती? मग काय झालं?” एकीकडे तो मोकळेपणाने सांगेल, अगदी कुठला पार्ट, कुठली शिफ्ट यासकट. दुसरीकडे बोलायच्या आधी सुपरवायझर कुठे आहे ते बघेल. जिथे मोकळेपणाने सांगेल तिथे जा, पगार दोन हजारांनी कमी असला तरी.