रोममधील बरोक प्रथमच पाहताना
बरोक म्हणजे सतराव्या शतकात रोममध्ये बहरलेली नाट्यमय वास्तुशैली. ती पाहायला रोमला पहिल्यांदाच जात असाल, तर दिवसभरात पंधरा चर्च पालथी घालण्यापेक्षा क्विरिनाल टेकडीवरील एकाच रस्त्यावरची दोन चर्च निवांतपणे पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांपैकी वास्तुकार बोरोमिनीच्या सान कार्लो चर्चचे काम १६३८ मध्ये सुरू झाले, तर त्याचा समकालीन वास्तुकार बर्निनीच्या सांत आंद्रेआ चर्चचे १६५८ मध्ये. दोन्ही लंबगोल, पण सान कार्लोत लांब अक्ष वेदीकडे जातो आणि सांत आंद्रेआत तो आडवा पसरतो, त्यामुळे आत पाऊल टाकताच वेदी अगदी समोर येते. सान कार्लोच्या घुमटाखाली मात्र पुष्कळ वेळ थांबावे. क्रूस, षट्कोन आणि अष्टकोन यांचे खोलगट खण वर जाताना लहान होत जातात, म्हणूनच तो छोटा घुमट उंच भासतो. बरोक म्हणजे केवळ सोनेरी झगमगाट, हा समज त्या पांढऱ्या गिलाव्याखाली उभे राहिल्यावर आपोआप गळून पडतो.